प्रिय विरोधक

४ मार्च
दुकानातून, दुपारी

प्रिय विरोधक,

जावई म्हणायचा हक्क कोर्टाने काढून घेतला, विरोधक म्हणायचा कुणी काढलेला नाही. तेव्हा एवढं चालवून घ्या. नाहीतरी जावई म्हणून तुम्ही सासुरवाडीचं एकही लग्नकार्य वेळेवर गाठलं नाहीत, पण विरोधक म्हणून एक रविवार चुकवला नाहीत.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नका. घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे मी आणि ती. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही, तुम्ही विचारू नका. तुमच्या दोघांचं काय बिनसलं ते तेव्हाही मी विचारलं नव्हतं. माझा विषय हॉकी आहे.

तर बातमी अशी. मैदानाची पूर्वेकडची पत्र्याची गॅलरी पाडून नवी बांधली. खुर्च्यांना पाठी आहेत आता. क्लबच्या मनात आहे की तिला आपल्या संघाच्या जुन्या फॉरवर्डचं, मौनीचं नाव द्यावं, पण गोलामागची मंडळी हो म्हणाली तरच. म्हणजे आपण! जन्मभर जाळीमागे बसून घसा फोडला, त्याचं कुणीतरी चीज केलं म्हणायचं.

गणितमास्तरांनी सभा बोलावली. अध्यक्ष तेच आहेत, अजूनही बोलण्याआधी शिट्टी फुंकतात. मी छाती काढून उभा राहिलो. मौनीची बाजू माझ्याइतकी कोण मांडणार? तर मास्तर म्हणाले, "काका, बसा. तुमचा विरोधक कुठाय?"

दातांचे एक डॉक्टर नवीन सभासद झालेत. ते म्हणाले, "विरोधक कशाला हवा? काकांना बोलू द्या की." मग मास्तरांनी त्यांना सगळा नियम पहिल्यापासून सांगितला. तुम्हाला पाठ आहे, पण ऐकताना मला पुन्हा मौज वाटली. एका अंपायरवरून पूर्वी मंडळींत हाणामारी झाली, बाकडं मोडलं, सलूनवाल्याचा पुढचा दात गेला. तेव्हापासून ठरलं की प्रत्येकाने आपला एक विरोधक धरायचा. सभेत उभं राहिलं की आधी त्याची बाजू आपण मांडायची, आणि ती अशी की त्याने म्हणायला हवं, "हेच माझं म्हणणं." तो तसं म्हणाला तर आपली बाजू मांडायची, नाहीतर गप खाली बसायचं. ज्याला विरोधक नाही त्याला मत नाही.

डॉक्टर म्हणाले, "असा नियम घराघरांत हवा." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

तुम्ही गेल्यापासून मी त्या मंडळीत मुका आहे हो. दोन वर्षं नुसता चहा पितो आणि दुसऱ्यांची भांडणं ऐकतो. एरवी चाललं असतं. पण आता मौनीच्या नावाचा प्रश्न आहे, आणि त्याच्यासाठी बोलायची मला परवानगी नाही. आठवतो का तो? बॉल पायाशी येण्याआधीच त्याचा खांदा वळलेला असायचा. समोरचा बॅक डावीकडे झेपावायचा आणि हा उजवीकडून असा निघून जायचा, की वाटावं दोघांचं आधीच ठरलं होतं. आणि तोंडातून शब्द नाही. गोल झाला तरी नाही, पायावर स्टिक बसली तरी नाही. अंपायरवर हात उगारताना मी त्याला कधी पाहिलं नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी देखण्या गोष्टी थोड्याच पाहिल्या. त्याचं पळणं त्यातली एक.

रविवारी १७ तारखेला सभा आहे. या. तुम्ही त्याला मोठं मानत नाही हे ठाऊक आहे. म्हणूनच या.

तुमचा,
विरोधक


१९ मार्च
दुकानातून

प्रिय विरोधक,

तुम्ही आला नाहीत. रागावलो नाही. पत्र उशिरा मिळालं असेल, असं स्वतःला सांगून ठेवलंय.

पण जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पोटात राहायचं नाही. सलूनवाल्याला माझी दया आली. तो म्हणाला, "काकांना बदली विरोधक द्या. खेळाडू बदलता येतो तर विरोधक का नाही?" मास्तरांनी डोकं खाजवलं आणि दातांच्या डॉक्टरांना माझ्यासमोर उभं केलं. माणूस चांगला आहे. मौनीला मोठा मानत नाही, एवढी पात्रताही आहे. त्याने फोन काढला आणि आकडे वाचले. अमक्याने इतके गोल केले, तमक्याने तितके, मौनी त्या यादीत कुठे तर खाली. मैदानावर मौनीला त्याने पाहिलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मग मास्तरांनी शिट्टी फुंकली. "काका, आता डॉक्टरांची बाजू तुम्ही मांडा."

मी उभा राहिलो आणि सुरू झालो. म्हटलं, "मंडळी, ती फायनल आठवा. बरोबरी. शेवटचं मिनिट. मौनीने गोलापुढच्या डीमध्ये बॉल घेतला आणि गोल मारला. अंपायरने गोल दिला. आपण जाळी हलवत होतो. आणि हा गृहस्थ अंपायरकडे चालत गेला, स्टिकने स्वतःच्या बुटाला स्पर्श करून दाखवला. बॉल पायाला लागला होता, म्हणजे फाऊल. कुणी पाहिलं नव्हतं. गोल रद्द. मग पेनल्टी स्ट्रोकवर आपण हरलो. तुम्ही म्हणता, केवढा हा मोठेपणा! मी विचारतो, कुणाच्या जिवावर? त्याच्या मागे दहाजण होते. त्या गोलकीपरने दात-ओठ खाऊन सगळा सामना धरून ठेवला होता. त्या दहांना विचारलं त्याने? पदक अकरा जणांचं होतं, आणि याने ते एकट्याच्या मनाची टोचणी घालवायला देऊन टाकलं. स्वतःच्या खिशातलं दान करावं, दुसऱ्याच्या नाही. असा माणूस चांगला असेल. पण संघात तो मोठा नव्हे!"

माझा आवाज चढला होता. मग खाली बसलो.

डॉक्टर म्हणाले, "काका, हे माझं म्हणणंच नाही. मी गोलांच्या सरासरीबद्दल बोलत होतो. पण मुद्दा जबरदस्त आहे. कुणाचा?"

सलूनवाला बुटांकडे बघत म्हणाला, "जावयाचा."

मास्तरांनी "बाद" म्हटलं. नियम तो नियम. अहो, परीक्षेला गेलो एका विषयाच्या आणि पेपर लिहून आलो दुसऱ्याच! डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी दोन वर्षं तुमच्याशीच भांडतोय हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. दुकानात चष्म्याचं भिंग घासताना भांडतो. जेवताना भांडतो. तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक असतं, मग मी काय म्हणेन ते मी म्हणतो, आणि पुढे तुम्ही काय म्हणाल तिथे अडतो. तुमची पहिली दोन उत्तरं मला पाठ आहेत. तिसरं माझ्याच्याने रचवत नाही.

मास्तरांनी निकाल एप्रिलच्या शेवटच्या रविवारवर ढकललाय. सभा उठताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "बदली चालणार नाही, काका. तुमचा खरा आणा."

तुमचा,
विरोधक


२ एप्रिल
दुकानातून

प्रिय विरोधक,

कार्ड मिळालं. "मौनी मोठा नव्हता. गुडघा जपा." बस. पाण्याच्या टाक्या बांधणारा माणूस शब्दांच्या बाबतीत एवढा कोरडा कसा, हे कोडं मला लग्नाच्या दिवसापासून आहे. पण खोटं कशाला बोलू, आठवडा झाला, कार्ड वरच्या खिशात आहे. गिऱ्हाईक गेलं की काढतो. पहिल्या वाक्याने रक्त उसळतं, दुसऱ्याने थंड होतं.

आता ऐका. सोमवारी दुकानाचं दार ढकलून कोण आलं असेल? मौनी.

शपथेवर सांगतो. केस पांढरे, खांदे थोडे उतरलेले, आणि चालताना तोच उजव्या पायाचा हलका झोल. मी काउंटरमागे उभा होतो तो उभाच. तो म्हणाला, "वाचायचा चष्मा हवाय." मौनी कोण आणि मी कोण, असं झालं.

अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या खुर्चीत बसलं की भले भले अंदाज ठोकतात. दिसत नसलं तरी म्हणायचं, 'ई' असेल, 'एफ' असेल. नंबर कमी निघाला म्हणजे वय कमी झालं, असा लोकांचा समज. मौनीने वरच्या ओळी वाचल्या आणि थांबला. मी म्हटलं, "पुढची ओळ बघा, अंदाजाने सांगा." तो म्हणाला, "दिसत नाही. अंदाज कशाला?" ज्या डोळ्यांना पाठीमागून येणारा बॉल दिसायचा, त्यांना ती ओळ दिसत नव्हती, आणि ते तो असं सांगत होता जसं बाहेर ऊन आहे. मी उगीच फ्रेमच्या ड्रॉवरमध्ये डोकं घातलं.

दोन बुबुळांमधलं अंतर मोजायला पट्टी नाकावर धरावी लागते, चेहऱ्याला चेहरा येतो. तेवढ्यात मी विचारून टाकलं. म्हटलं, "त्या फायनलचं कधी वाईट वाटतं का?"

वाटलं, गप्प बसेल. पण बोलला. म्हणाला, "आमचा गोलकीपर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. एकाच खोलीत राहायचो आम्ही दौऱ्यावर. बरोबर होतं त्याचं."

मी पट्टी धरून तसाच. "मग पुन्हा वेळ आली तर?"

"पुन्हाही दाखवलाच असता पाय. पण आधी त्याच्याकडे गेलो असतो. त्याला सांगितलं असतं, मी हे करतोय. तो नाही म्हणाला असता. तरी केलंच असतं. पण सांगितलं असतं."

झालं. मग फ्रेम निवडली, काळी, साधी. हलक्या रंगाची घेतली असती तर बरं दिसलं असतं, पण ऐकेना.

आता मला सांगा, ही गोष्ट मी तुम्हाला का कळवतोय? ही तर तुमच्या बाजूची आहे! खुद्द मौनीने तुमचा अर्धा मुद्दा मान्य केला. दुसरा कुणी असता तर गिळून बसला असता. पण सबंध दिवस मला एकच वाटत होतं, हे तुम्ही ऐकायला हवं होतं, माझ्या शेजारी त्या स्टुलावर बसून. तुम्ही भुवई उडवून म्हणाला असता, "बघा." आणि मी म्हणालो असतो, "काय बघा? चूक कबूल करतो तो लहान होतो की मोठा होतो?" आणि तुम्ही म्हणाला असता... बघा, पुन्हा अडलो.

माझ्या मनात तो पूर्वीपेक्षा मोठा झालाय. आणि तुम्हीही, थोडे. त्या वेळी सगळं मैदान त्याच्यासाठी रडत होतं, तेव्हा तुम्ही एकट्यानेच विचारलं होतं, "गोलकीपरकडे कुणी बघितलं का?" आम्ही तुम्हाला दगड म्हणालो होतो. मीच आधी म्हणालो होतो.

या हो. शेवटचा रविवार, सकाळी अकरा.

तुमचा,
विरोधक


११ एप्रिल
घरून

प्रिय विरोधक,

येऊ नका.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होतो. पण मग तुम्हाला वाटलं असतं की म्हाताऱ्याची तब्येत बिघडली. तब्येत ठणठणीत आहे.

झालं असं की मी तिला सांगितलं. लपवून पत्रं लिहायला मी काय शाळकरी आहे? ती प्रयोगशाळेतून आली, दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्या तपासून थकलेली. मी चहा केला आणि खिशातलं कार्ड टेबलावर ठेवलं. म्हटलं, रविवारच्या सभेला मी त्यांना बोलावलंय. हॉकीपुरतं. घरी येणार नाहीत.

तिने कार्ड वाचलं. उठली, कपबशा धुतल्या. धुतलेल्या पुन्हा धुतल्या. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

मी म्हणालो, "तुझ्या."

विचार करावा लागला नाही. करावा लागला असता तर मला स्वतःची लाज वाटली असती. ती लहान असताना तिची आई गेली. तेव्हापासून या घरात आम्ही दोघंच. तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, चला, आता टेबलाला तिसरी खुर्ची. ते काही झालं नाही. कुणाचं चुकलं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही, कारण कळलं की मला न्याय करावा लागेल आणि न्याय करायला मी मास्तर नव्हे.

पण तिला असं वाटू नये की तिच्या बापाने तिच्या पाठीमागे दुसरा दरवाजा उघडा ठेवलाय. मौनीचं नाव गॅलरीवर लागेल किंवा नाही लागणार. त्याला मी हवा असं थोडंच आहे? तो मोठा आहे, माझ्याशिवाय मोठा राहील. मी खाली बसून चहा पीन. आजवर प्यायलोच की.

तुमच्यावर माझा राग नाही हे मात्र एकदा स्पष्ट लिहितो, नाहीतर राहून जाईल. माझ्याशी मनापासून भांडणारा माणूस मला आयुष्यात एकच मिळाला. बाकीचे एकतर मान डोलावतात नाहीतर उठून जातात. तुम्ही माझं बोलणं पुरतं ऐकून घ्यायचात, माझ्यापेक्षा नीट मांडून दाखवायचात आणि मग मोडायचात. असा माणूस जावई म्हणून गेला त्याचं दुःख झालंच. पण खरं सांगू? विरोधक म्हणून गेला त्याचं जास्त झालं. बापाने असं म्हणू नये. पण आहे ते असं आहे.

हे पत्र तिला वाचायला देऊनच पेटीत टाकायला सांगणार आहे. चोरून काही नको.

गुडघा बरा आहे. तुम्हीही जपा.

तुमचा


(याच कागदावर खाली, दुसऱ्या अक्षरात)

वाचलं.

तुला पत्र लिहिण्याची माझी इच्छा नव्हती आणि आताही फारशी नाही, म्हणून कागद वाचवून इथेच लिहिते.

मी बाबांना विचारलेला प्रश्न चुकीचा होता. उत्तर ऐकल्या ऐकल्या कळलं. ते "तुझ्या" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. एकच भिंग पुसत बसले. तुझ्याशी माझं जे झालं त्यात त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही, आणि मी त्यांना बाजू विचारली.

ते खरंच जेवताना तुझ्याशी भांडतात. सुरुवातीला मला वाटलं, वय झालं. मग माझ्या लक्षात आलं की तुझी बाजू ते तुझ्याच आवाजात बोलतात, तुझं ते "एक मिनिट, एक मिनिट" सुद्धा. मला खूप राग यायचा. मी रेडिओ मोठा करायचे. ते रेडिओच्या वरून बोलायचे.

आपण सगळं व्यवस्थित वाटून घेतलं होतं. कपाट तुझं, शिलाई मशीन माझं, भांडी निम्मी निम्मी. दोघंही किती शहाण्यासारखे वागलो म्हणून वकीलबाई आपलं कौतुक करत होत्या. बाबांचं काय करायचं हे कुणी विचारलंच नाही. मी धरून चालले की माझे बाबा माझ्याबरोबर येणार. ते माझेच आहेत, त्यात वाद नाही. पण रविवार सकाळ तुझी होती. सामान भरताना ती माझ्या खोक्यात आली.

तेव्हा वर त्यांनी 'येऊ नका' लिहिलंय ते खोड. ये.

मी मैदानावर येणार नाही. तुझ्यामुळे नाही, हॉकीमुळे. मला तो खेळ आधीही कळत नव्हता. दुपारी घरी आणायचा आग्रह ते करतील, त्याला नाही म्हण, अजून तेवढं मला जमणार नाही. पण पुढच्या सीझनला काय ते तुमचं तुम्ही ठरवा, मला विचारायला येऊ नका.

मौनी मोठा होता की नाही ते मला माहीत नाही. तुझा मुद्दा मला दोन वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकावा लागलाय आणि तो चांगला आहे. बाबांचाही चांगला आहे. पण तिसरं उत्तर त्यांना सुचत नाही, आणि ते न सुचून ते वाळत चाललेत. हे मला दिसतं, मी काही रोज रक्तच बघत नाही.

सभा अकराला आहे. तुझी गाडी नेहमी उशिरा पोहोचते, म्हणून आदल्या दिवशीच निघ. मी त्यांना सांगितलेलं नाही की तू येणार आहेस. तरी ते आत जाऊन बसणार नाहीत. फाटकाशी उभे राहतील.